काळी काच म्हणजे थंड खोली?

इंजिनीअरिंगला ॲडमिशन झाली की घरातल्यांची एक ठाम समजूत होते, की आता याला सगळं कळतं. मिक्सर बिघडला, विचार त्याला. इन्व्हर्टर कुठला घ्यायचा, विचार त्याला. कॉम्प्युटरवाल्यालासुद्धा गिझर उघडायला लावतात! गेल्या काही उन्हाळ्यांपासून या यादीत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. "अरे, खिडक्यांना ती फिल्म लावून घेऊ का? समोरच्यांनी लावली. फरक पडतो म्हणतात."

हाच प्रश्न आता आपल्या हॉस्टेललाही पडला आहे. पश्चिमेकडच्या विंगमधल्या सगळ्या तावदानांना काळी फिल्म आणि लेडीज हॉस्टेलच्या तळमजल्याला आरशासारखी चमकणारी फिल्म लावावी, असा विचार मेस कमिटीच्या मीटिंगमध्ये बोलून दाखवला गेला. (मेस कमिटीत खिडक्या कशा आल्या हे विचारू नका. आपल्याकडे पोळ्यांपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं तिथेच ठरतं.) विचार चांगल्या भावनेने मांडला गेला यात शंका नाही. पण तो तसाच अमलात आला तर पैसे जातील, खोल्या अंधारतील, आणि मुलींची अडचण सुटण्याऐवजी वाढेल असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच. घरी फिल्म लावायचा विचार करणाऱ्यांनाही तो उपयोगी पडावा.

आधी उष्णता. खिडकीतून ती किती येते याचा आपल्याला अंदाजच नसतो. चार फूट बाय चार फुटांची एक पश्चिमेची खिडकी घ्या, म्हणजे साधारण दीड चौरस मीटर. उन्हाळ्यात दुपारी चार-साडेचारला स्वच्छ आकाश असेल तर तिच्यावर दर चौरस मीटरला सहाशे वॅटच्या आसपास ऊन पडतं. म्हणजे झाले ९०० वॅट. साधी पारदर्शक काच त्यातलं ८० ते ८५ टक्के आत सोडते. म्हणजे साडेसातशे वॅटची इस्त्री चालू करून खोलीत ठेवून दिली, आणि ती सूर्य मावळेपर्यंत कोणी बंद करत नाही! वरून आपण पंखा पाचवर ठेवतो आणि म्हणतो, पंख्याला वारा नाही.

तेव्हा ही इस्त्री लहान करणे हे फिल्मचे काम. ते ती करते का? करते. पण सगळ्या फिल्म सारखं करत नाहीत, आणि जी जास्त काळी ती जास्त थंड हे तर अजिबात खरं नाही. इथेच आपण फसतो.

सूर्याच्या उन्हात ऊर्जेच्या हिशेबाने अतिनील किरणांचा भाग जेमतेम पाचेक टक्के असतो. डोळ्यांना दिसणारा उजेड ४५ टक्क्यांच्या जवळपास, आणि उरलेला निम्मा भाग अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, जो दिसत नाही पण अंगाला लागतो. स्वस्तातली काळी फिल्म म्हणजे रंग भरलेलं पॉलिएस्टर. ती दिसणारा उजेड मुख्यतः अडवते, म्हणून खोलीत आल्याबरोबर "वा, गार वाटतंय" असं होतं. पण अवरक्त भागातला बराचसा ती तसाच जाऊ देते. जे अडवते ते परत फेकत नाही, शोषून घेते. मग काच तापते, आणि तापलेली काच ती उष्णता थोडी बाहेर, थोडी आत देते. साध्या एकेरी काचेत शोषलेल्या उष्णतेचा पाव ते एक तृतीयांश भाग आतच येतो. काळी फिल्म लावलेल्या काचेला दुपारी हात लावून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. वर असल्या फिल्मचा रंग काही वर्षांत उडतो, जांभळट होतो, आणि घराला कायमचा गॉगल घातल्यासारखं दिसायला लागतं.

धातूचा पातळ थर दिलेली फिल्म ऊन परतवते, म्हणून तिचं काम चांगलं. पण समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांच्या डोळ्यांत ते ऊन जाणार, आणि काही फिल्ममुळे घरात मोबाइलची रेंजही कमी होते. लंडनमध्ये २० फेनचर्च स्ट्रीट नावाची आत वळलेली काचेची इमारत आहे. २०१३ मध्ये तिच्यावरून परावर्तित झालेल्या उन्हाने खाली उभ्या असलेल्या मोटारीचे प्लास्टिकचे भाग वितळले होते. आपली खिडकी सपाट असते, त्यामुळे तितकं काही व्हायचं नाही. पण चिमण्या आणि बुलबुल मात्र स्वतःच्याच प्रतिबिंबाला शत्रू समजून सकाळी सहापासून चोच मारत बसतील. सकाळचं आठचं लेक्चर असणाऱ्यांसाठी ही सोयच म्हणायची.

तिसरी सिरॅमिक फिल्म. ती उजेड बऱ्यापैकी ठेवते आणि अवरक्त किरण अडवते, मोबाइललाही त्रास देत नाही. महाग असते. आणि हिच्याच बाबतीत दुकानात एक नाटक केलं जातं, ज्यावर माझा खरा राग आहे.

काउंटरवर एक पेटी असते. पेटीत लाल-पिवळा दिवा. त्याच्यासमोर साधी काच धरून दुकानदार आपला हात तिच्यामागे ठेवायला लावतो. चटका बसतो. मग फिल्म लावलेली काच धरतो. चटका नाही! आई-बाबा खूश, ॲडव्हान्स दिला. पण तो दिवा सूर्य नाही हो! फर्स्ट इयरच्या फिजिक्समधला वीनचा नियम आठवा. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० केल्व्हिन, त्यामुळे त्याच्या प्रारणाचं शिखर अर्ध्या मायक्रॉनपाशी, म्हणजे दिसणाऱ्या उजेडात. दिव्याची तार असते अडीच हजार केल्व्हिनच्या आसपास, तिचं शिखर सव्वा मायक्रॉनपाशी, म्हणजे अवरक्तात. ज्या भागात फिल्म हुशार आहे नेमका तोच पेपर तिला काढून दिला, तर ती डिस्टिंक्शन आणणारच. शिवाय परीक्षा दहा सेकंदांची. काच शोषत शोषत तापायच्या आत हात मागे घेतला जातो.

"सर, ९५ टक्के उष्णता अडवते" हे वाक्यही तिथेच ऐकू येतं. ते अवरक्ताच्या टक्क्यांबद्दल असतं, आणि बऱ्याचदा अवरक्तातल्याही एका अरुंद पट्ट्याबद्दल. आपणच हिशेब करू. समजा फिल्म ७० टक्के उजेड आत सोडते आणि अवरक्त अगदी शंभर टक्के अडवते. ४५ चे ७० टक्के, म्हणजे उन्हातल्या एकूण ऊर्जेचे ३१ टक्के तर उजेड म्हणूनच आत आले. अवरक्ताचा निम्मा हिस्सा काचेने शोषला आणि त्याचा पाव भाग आत सोडला, तर आणखी १२-१३ टक्के. बेरीज झाली ४४. म्हणजे अगदी आदर्श अशी 'पारदर्शक' फिल्मसुद्धा या प्रकारात निम्म्याहून थोडी जास्त उष्णता अडवते. ९५ नव्हे. निम्मी अडवणं हे काही कमी नाही, आपली साडेसातशेची इस्त्री चारशेवर आली. पण मग पैसे निम्म्याच्या हिशेबाने द्यावेत, पंचाण्णवच्या नव्हे.

म्हणून दुकानात एकच आकडा मागायचा. एस.एच.जी.सी., म्हणजे पडलेल्या उन्हापैकी सगळ्या मार्गांनी मिळून किती हिस्सा आत येतो. हा जितका कमी तितकं चांगलं. काही कंपन्या उलटा आकडा देतात, टी.एस.ई.आर., म्हणजे एकूण किती अडवलं. तो जास्त असावा. आणि त्याच्या शेजारी व्ही.एल.टी. बघायचा, म्हणजे उजेड किती उरतो. आकडे कुठल्या काचेवर मोजलेत हेही विचारायचं. हे छापील कागदावर दाखवता येत नसेल तर नमस्कार करून बाहेर पडावं. "९९ टक्के यू.व्ही. अडवते" हे वाक्य खरं असतं, पण ते सोफा, पुस्तकं आणि फोटो फिके पडू नयेत म्हणून कामाचं. उन्हातला पाच टक्क्यांचा हिस्सा पूर्ण अडवला तरी खोली गार होत नाही.

आता एवढं सगळं करूनही, ज्या घरात खिडकी उघडी ठेवूनच राहतात तिथे फिल्मचा उपयोग किती? उघड्या खिडकीला काच नसते, तिला फिल्म कशी असणार! आपल्याकडे बहुतेक घरांत स्लायडिंग खिडक्या असतात. एक पल्ला सरकवला की निम्मी खिडकी मोकळी. विदर्भात कूलर लावायचा तर हवा बाहेर जायला खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर तासाभरात खोलीचं हमामखाना होतं. आणि फिल्म ऊन अडवते, गरम हवा नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना काचेतून वहनाने येणारी उष्णता साध्या फिल्मने फारशी बदलत नाही. ए.सी. असलेली बंद खोली असेल तर फिल्मची किंमत विजेच्या बिलातून थोडी थोडी वसूल होईल. हॉस्टेलच्या खोलीत ए.सी. नाही. (रेक्टर सर हे वाचत असतील तर मागणी नोंदवून घ्यावी ही विनंती.)

तेव्हा पहिला प्रश्न फिल्म कुठली हा नसून खिडकी कुठल्या दिशेची हा असला पाहिजे. मेमध्ये आपल्याकडे सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. पुण्यात मेच्या मध्याला आणि नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तो यामुळेच. सूर्य डोक्यावर असेल तर दक्षिणेच्या खिडकीला दीड फुटाचा छज्जाही पुरतो. उलट डिसेंबरात दक्षिणेचं ऊन तिरपं आत येतं, ते तर आपल्याला हवंच असतं. त्या खिडकीला काळी फिल्म लावून थंडीत कुडकुडत बसण्यात काय अर्थ? उत्तरेच्या खिडकीचंही फिल्मवाचून अडत नाही. खरी छळते ती पश्चिमेची, कारण संध्याकाळचं ऊन आडवं येतं आणि छज्जाच्या खालून सरळ कॉटवर पोचतं. पूर्वेचंही तसंच, पण सकाळी भिंती गार असतात म्हणून चालून जातं.

आडव्या उन्हाला उत्तर बाहेरून द्यावं लागतं. आपल्या आज्यांना हे न शिकता माहीत होतं. व्हरांड्याला बांबूची चिक, दाराला वाळ्याची ताटी, काहीच नसेल तर ओलं किलतान. ऊन काचेपर्यंत पोचायच्या आतच अडवलं की तापते ती चिक, आणि तिची उष्णता वाऱ्यावर बाहेरच्या बाहेर जाते. काचेच्या आत लावलेला जाड पडदा तापतो तो घरातच. फिल्म या दोघांच्या मधली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने घरांसाठी इको-निवास संहिता आणली. त्यात थंड प्रदेश वगळता बाकी सगळीकडे, भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॅट धरली आहे, आणि हिशेब करताना काचेच्या जोडीला बाहेरच्या छज्जाचंही माप घ्यायला सांगितलं आहे. म्हणजे आजीची चिक आणि सरकारी फॉर्म्युला एकाच बाजूला उभे आहेत!

पश्चिम विंगला बाहेरून हिरवी शेडनेट किंवा चिक लावायला फिल्मपेक्षा कमी पैसे लागतील असं मला वाटतं. खिडकीही उघडता येईल. वाऱ्याने फाटेल, दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल, हे मान्य. पण काळी फिल्म लावून भर दुपारी दोन वाजता ट्यूबलाइट लावून ड्रॉइंग शीट काढायची, हा काय उपाय झाला? आधीच आपल्यातले काही महाभाग काचांना वर्तमानपत्रं चिकटवून राहतात. त्यांच्या खोलीत दिवस कधी उगवतो हे त्यांनाही माहीत नसतं.

आता लेडीज हॉस्टेलचा विषय, आणि हा गमतीचा नाही. तळमजल्याच्या खोल्यांसमोरून रस्ता जातो, बघणारे बघतात. यावर आरशाची फिल्म लावू, म्हणजे आतून दिसेल, बाहेरून दिसणार नाही, असा प्रस्ताव आहे. पण 'एका बाजूने दिसणारी काच' अशी वस्तूच नसते. प्रकाश दोन्ही दिशांना सारखाच जातो. ज्या बाजूला उजेड जास्त तिकडच्या माणसाला आरसा दिसतो, आणि अंधारातल्या माणसाला पलीकडचं दिसतं, एवढाच खेळ. दिवसा बाहेर ऊन आहे तोवर ठीक. संध्याकाळी सातला आत ट्यूब लागली आणि बाहेर अंधार पडला की सगळं उलटं. आतल्या मुलीला काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, म्हणून तिला वाटतं आपण झाकलेलो आहोत. आणि रस्त्यावरच्याला खोली दिसते. पडदा नसलेल्या साध्या काचेत निदान कळतं तरी की आपण दिसतोय. इथे खोटा विश्वास मिळतो, आणि तो जास्त धोक्याचा. ज्या घरात फिल्मच्या भरवशावर पडदे काढून टाकलेत त्यांनी एकदा रात्री दिवे लावून स्वतःच्या घराबाहेर उभं राहून बघावं.

आडोशासाठी दुधी फिल्म बरी. ती उजेड विस्कटते, त्यामुळे दिवसा-रात्री दोन्ही वेळा आकृती स्पष्ट दिसत नाही. काचेच्या अगदी जवळ उभं राहिलं तर सावली दिसते, पण तेवढंच. खिडकीच्या खालच्या दोन-तृतीयांश भागाला दुधी लावली आणि वर साधी काच ठेवली तर आकाशही दिसतं, वाराही घेता येतो. बाथरूमच्या नक्षीच्या काचेला मात्र खरखरीत बाजूने कुठलीच फिल्म नीट चिकटत नाही. तिथे पैसे घालवू नयेत.

राहता राहिली सुरक्षा. १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउटसाठी मुंबईत काचांना काळे-तपकिरी कागद चिकटवले जायचे, हे घरातल्या मोठ्यांकडून ऐकलं असेल. काचेला काहीतरी चिकटलेलं असलं की फुटल्यावर तुकडे जागेवर राहतात, हेच तत्त्व सेफ्टी फिल्मचं. उन्हासाठीची फिल्म साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असते, सेफ्टी फिल्म शंभर, दोनशे मायक्रॉन. ती काच फुटू देत नाही असं नाही. काच फुटतेच, फक्त उडत नाही. बैरूत बंदरात ४ ऑगस्ट २०२० ला स्फोट झाला तेव्हा शहरभर माणसं जखमी झाली ती मोठ्या प्रमाणात उडालेल्या काचांनी. आपल्या घरात स्फोट नको, पण वळवाच्या वाऱ्यात आपटणारा पल्ला आहे, गॅलरीतलं क्रिकेट आहे, आणि पळत येऊन काचेच्या दारावर आदळणारं तीन वर्षांचं पोर आहे. गुडघ्याच्या उंचीपर्यंत येणारी काच, बाल्कनीचं सरकतं दार, जिन्यातलं मोठं तावदान या जागी मी आनंदाने पैसे खर्च करीन. आपल्या मेसचं काचेचं दार त्यात पहिलं. पण फिल्म काचेपुरतीच असेल आणि चौकटीची लांबी सुटलेली असेल, तर तुकडे एकत्र धरून अख्खं तावदानच अंगावर येऊ शकतं. म्हणून आधी चौकट बघा. चोराला फिल्म थोडा उशीर करते, अडवत नाही. गज तिथे राहू द्या. आणि आग लागली तर ज्या खिडकीतून बाहेर पडायचं ती उघडणारी असावी, कारण जाड फिल्म लावलेली काच फोडून बाहेर पडणं सोपं नसतं.

एक धोका दुकानदार सहसा सांगत नाही. काळी फिल्म काचेचा मधला भाग तापवते, आणि कडा चौकटीत सावलीत गार राहतात. साध्या काचेत हा फरक तीस-चाळीस अंशांच्या घरात गेला की कडेपासून तडा जाऊ शकतो, विशेषतः कड वेडीवाकडी कापलेली असेल तर. जाळीची काच आणि दुहेरी काच यांवर शोषणारी फिल्म लावण्याआधी कंपनीच्या तक्त्यात चालते का ते बघायलाच हवं. टफन्ड काचेला हा त्रास जवळजवळ नाही. गाडीच्या काचांबद्दल २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिलेल्या निकालाची भीती मात्र घराला बाळगू नका. तो वाहनांपुरता होता.

लावणाऱ्याचा हात हा वेगळाच विषय. ब्लेडने रंगाचे थेंब खरवडून, शाम्पूच्या पाण्याने काच दोनदा धुऊन, पंखा बंद करून काम करणारा माणूस मिळाला तर फिल्म दहा वर्षं टिकते. भरपावसात लावू नये, खालचं पाणी वाळायला महिना लागतो. सुरुवातीला दिसणारे बारीक धुरकट डाग आपोआप जातात, धुळीचे खडे जात नाहीत.

हॉस्टेलपुरतं म्हणाल तर सगळ्या विंगची ऑर्डर देण्याआधी एवढंच करावं. पश्चिमेच्या शेजारशेजारच्या तीन खोल्या घ्याव्यात. एकीला फिल्म, एकीला बाहेरून चिक, एक आहे तशी. मेकॅनिकलच्या हीट ट्रान्सफर लॅबमधले थर्मोकपल एप्रिलमध्ये तसेही कपाटात पडून असतात. पंधरा दिवस दुपारी बारा ते रात्री दहा दर अर्ध्या तासाला आकडे घ्यायचे, खिडक्या तिन्हींकडे सारख्याच वेळी उघडायच्या आणि मिटायच्या. आकडे लिहून घ्यायला मी आणि माझे दोन रूममेट तयार आहोत. तिसरा म्हणतो, चिकवाली खोली मिळणार असेल तरच.